तात्याच्या पेटीतल्या पाटल्या

नरसाक्का, तुझ्या फोटोला पहिला हार तात्याने घातला.

फोटो तरी कुठला तुझा. साऱ्या जन्मात तुझा एकदाच फोटो निघाला, बिडीवाल्या बायांचा मोर्चा गेला होता तेव्हा. त्यात आपण सगळ्या एकमेकींना धरून उभ्या होतो. युनियनच्या माणसांनी त्यातून तुला एकटीला कापून काढलं आणि मोठं करून आणलं. पण तुझ्या खांद्यावर एक हात तसाच राहिला आहे, मनगटापर्यंत, काचेच्या बांगड्यांचा. तो माझा हात. तात्याने हार घातला तो त्या हातावरूनही आला, आणि सभेत बसल्या जागी माझ्या मनगटाला खाज सुटली.

मग तो बोलायला उभा राहिला. घरमालक असून बिडीवालीच्या शोकसभेला आला म्हणून लोकांना त्याचं कौतुक. म्हणाला, "नरसम्मा म्हणजे मला पाठची बहीण. गोरगरिबांना खोल्या मिळवून द्यायची. माझ्याच चाळीत किती बाया तिच्या शब्दावर राहिल्या."

शब्दावर म्हणाला, अक्का. त्या घडीला तुझ्या सोन्याच्या पाटल्या त्याच्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत पडल्या होत्या, माझ्या खोलीची अनामत म्हणून. शब्दावर!

मी उठून बोलावं असं वाटलं. पण उठले नाही. नंतर पुढारी बोलले. त्यांनी तुला गरिबांची माऊली केलं, शांत केलं, सोशिक केलं. तुझ्या तोंडच्या शिव्या ऐकलेल्या बाया समोर बसल्या होत्या आणि माना हलवत होत्या. मी तोंडावर पदर घेतला. शेजारणीला वाटलं मी रडते. मी रडत नव्हते. दात आवळून बसले होते.

तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. तुला तर वाचताच येत नव्हतं, म्हणजे तुझीही भीती नाही.

तू माऊली नव्हतीस. पहिल्याच दिवशी तू मला सगळ्या रांगेसमोर हसलीस. सांगोल्याकडून आम्ही दुष्काळात आलो होतो. शेरडं विकून झाली होती, खडी फोडून झाली होती. सोलापुरात काम मिळालं. यांना सुताचे गठ्ठे वाहायचं, मला बिड्या वळायचं. काम होतं, पण दार नव्हतं. जिथे खोली विचारावी तिथे पहिला सवाल, काय करता? बिड्या म्हटलं की घरमालकाचं तोंड बदलायचं. तंबाखूचा खकाणा भिंतीत बसतो, ओल्या पानांनी जमीन कुजते, खोकल्याने शेजारी उठतात. मग एकतर नाही म्हणायचं, नाहीतर अशी अनामत सांगायची की माणसाने आपणहून पाय मागे घ्यावा. आम्ही धर्मशाळेच्या कट्ट्यावर निजत होतो. दिवसा भांडी कुठे ठेवायची, म्हणून मी पोतं भरून बरोबर घेऊन फिरायचे. कडेवर शेवंता, डोक्यावर भांड्यांचं पोतं, आणि तशीच कारखान्यात पानं-तंबाखू घ्यायच्या रांगेत उभी.

तू माझ्या पुढे होतीस. वळून बघितलंस.

"काय ग, बिड्या वळायला आली की भांडी विकायला?"

सगळ्या हसल्या. मी खाली बघितलं.

"घर कुठं तुझं?"

"न्हाय."

"घर न्हाय, की सांगायचं न्हाय?"

मी मान हलवली. कशाला हलवली ते मलाच कळलं नाही.

"मुकी हाय वाटतं," तू म्हणालीस. "अर्ध्या शब्दात बोलते." तेव्हापासून मी मुकी. गंगू हे नाव तू पुन्हा घेतलंस ते थेट तुझ्या लेकाच्या, मल्लेशच्या लग्नात, पाहुण्यांपुढे, आणि तेसुद्धा आठवून आठवून.

त्याच संध्याकाळी तू मला तात्याच्या दारात नेलंस. तो ओसरीवर बसून पान जुळवत होता.

"तात्या, तुझा कोपऱ्यातला खोली रिकामा हाय की."

तुझ्या तेलुगू वळणाच्या मराठीत खोली नेहमी पुरुष असायची, आणि 'तुम्ही' हा शब्द तर नव्हताच. कारखान्याच्या मालकालाही तू 'तू' म्हणायचीस.

"हाय रिकामी. पण बिडीवालीला न्हाय द्यायची. मागच्या वेळेला भिंत पार पिवळी करून ठेवली."

"भिंत तुझ्या थुंकीनं पिवळी झाली. बिडीचा रंग असला नसतो."

आतून काकूंचं, तात्याच्या बायकोचं, हसू ऐकू आलं. तात्याने आत बघून घसा खाकरला. मग अनामत सांगितली. ऐकून यांनी पोतं उचललंच होतं. तू कमरेची पिशवी सोडलीस, एक चिंधी काढलीस आणि चिंधीतून त्या दोन पाटल्या. ओसरीवर खण्‌कन ठेवल्यास. तात्याने एक उचलली, नखाने टोकरली, दुसरीवर आपटून बघितली.

"कुणाच्या?"

"चोरून आणल्या. अरे माझ्या. नवरा गेला तवा हातातनं काढल्या. ठेव पेटीत. ही खोली सोडंल तवा माझ्या माझ्या हातात दे."

"आणि ही पोर भाडं बुडवून पळाली तर?"

"पळंल कशी? तोंडातनं आवाज निघत न्हाय तिच्या, पाय कुठनं निघतील?"

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, का म्हणून. तुझी माझी ओळख सकाळची. तू म्हणालीस, "पाटल्या हातात घातल्या तर एक बाई नटते. पेटीत घातल्या तर एक बाई झोपते. जा, झोप जा."

पुढे कळलं. तुझ्या घरात दोन हातमाग चालत होते तेव्हा नवऱ्याने त्या केल्या होत्या. तो गेला आणि नातेवाइकांनी तुझे हात मोकळे केले. आता सुनेला दे, नाहीतर मोडून टाक, असं सांगून गेले. तू दोन्ही केलं नाहीस. "माझ्या हाताला चालत न्हाईत म्हणतात ना," तू मला म्हणालीस, "मग त्यांनी कामाला जावं. मी बसून खाते का? मग त्यांनी का बसून खावं?" आणि पाटल्या कामाला गेल्या. एका बाईची अनामत म्हणून एका घरमालकाकडे. त्या बाईने पोटाला चिमटा घेऊन स्वतःची अनामत जमवायची, ती भरून पाटल्या सोडवायच्या, की त्या पुढच्या बाईच्या खोलीसाठी. माझ्याआधी हमीदाच्या खोलीसाठी होत्या. मीही जमवत होते, अक्का. तुला माहीत आहे. पण अर्ध्यावर आले की तात्या म्हणायचा, आता भाव वाढले, एवढ्यात भागत नाही. दर वेळी. मी तुला सांगायची, तू त्याला जाऊन शिव्या द्यायचीस, तो हसायचा आणि आकडा तसाच राहायचा.

पाटल्या सोडवून स्वतःची रोख अनामत भरलेली ती खोली हमीदाने पुढे सोडली, तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. आता तो आठवला की आधी हसू येतं आणि मग राग.

खोली सोडायच्या दिवशी सगळ्या जणींनी जायचं, ही तुझीच पद्धत. चुना कालवायचा, भिंती पांढऱ्या करायच्या, जमीन सारवायची. घरमालकाला बोट ठेवायला जागा ठेवायची नाही. आपण सगळ्या चुन्याने माखलो होतो. हमीदाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि तू तिला म्हातारी म्हणून चिडवत होतीस. घरमालक आला. भिंती बघितल्या, जमीन बघितली. मग नाक वर केलं.

"वास येतोय. तंबाखूचा. भिंतीत मुरलाय. एवढ्यावर अनामत परत न्हाय मिळायची."

"कुठल्या भिंतीत?" तू विचारलंस.

"सगळ्याच."

"सगळ्या नको. एक दाखव. नाक लाव आणि दाखव."

तो ऐकेना. तू मागे हटेनास. गल्लीतली माणसं दारात जमली. शेवटी तो चिडून पुढे झाला आणि त्याने खरोखर भिंतीला नाक लावलं. वळला तेव्हा नाकाच्या शेंड्यावर ओल्या चुन्याचा पांढरा ठिपका. कुणी हसायच्या आधी हमीदाच हसली, आणि मग सारी गल्ली.

पण हसण्याने अनामत मिळत नाही. तो रागाने घरात निघून गेला. तेव्हा तू हात धुतलेस, पदर नीट केलास आणि त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसलीस. दिवे लावायची वेळ होत आली होती. मला तोवर ठाऊक नव्हतं तू काय करते आहेस. पांढऱ्या कपाळाची बाई, दिवेलागणीला, भरल्या घराच्या उंबऱ्यावर. त्याची म्हातारी आई आतून धावत आली.

"ऊठ ग बाई, ऊठ. लक्ष्मी यायची वेळ झाली."

"येऊ दे की."

"तू दारात बसल्यावर ती येईल कशी?"

"आमची लक्ष्मी तुझ्या घरात अडकलीय, अम्मा. ती आधी बाहेर येऊ दे, मग तुझी आत जाईल. एका दारातनं दोघी कशा जातील?"

म्हातारीने लेकाला नावाने हाक मारली. अनामत आली. हमीदा गल्लीभर ओरडत सुटली, "अक्का, तुम तो वकीलां से भी भारी!"

मी हसले नाही. परत येताना मी तुझ्याशी भांडले. मुकी भांडली, म्हणून तू रस्त्यात थांबून बघत राहिलीस.

मी म्हणाले, "तू स्वतःला अपशकुनी का म्हणवून घेतेस?"

"मी कुठं म्हणते? ते म्हणतात."

"पण तू तेच वापरतेस. म्हणजे त्यांचं खरं करतेस."

"मुके, दगड त्यांनीच मारला ना मला? मी तो उचलून कमरेला ठेवला. लागंल तवा काढते. दगड टाकून देऊ म्हणतेस?"

"व्हय. टाकून दे."

"आणि मग हमीदाची अनामत तू आणणार? तू?"

ते भांडण तसंच राहिलं. पुढे कितीतरी वेळा काढलं आपण ते, पानं कापताना, दोरा गुंडाळताना. सूप मांडीवर घेऊन तू वळत राहायचीस आणि मी तेच तेच म्हणत राहायचे. तू कधी हरली नाहीस. पण मी एक गोष्ट बघितली होती आणि ती तुला कधी सांगितली नाही. ज्या दिवशी तू कुणाच्या उंबऱ्यावर बसून यायचीस त्या दिवशी तू जेवायची नाहीस. भूक नाही म्हणायचीस. दुपारपासून चुना लावलेल्या बाईला भूक नाही! लोक तुला बघून उठून आत जात होते, पोरांना ओढून घेत होते, आणि तू ते हसण्यावारी नेत होतीस. घरी येऊन मात्र पाण्याशिवाय काही घेत नव्हतीस. हे मला दिसत होतं म्हणून मी भांडत होते. तुला वाटलं मी वाद घालते.

आता माझा खरा राग ऐक.

तुला शेवटची आंघोळ घालताना तुझ्या नखांतला तंबाखू निघेना. हमीदा काडीने काढत होती, तरी निघेना. तेवढ्यात तुझी सून पद्मा मोठ्याने म्हणाली, "नखं राहू दे. अत्तम्माच्या पाटल्या कुठं हायत ते ह्या बाईला विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "दवाखान्यातनं इंजेक्शनं लिहून दिली होती. काम बंद करून पडून राहा म्हणून सांगितलं होतं. आमी म्हटलं पाटल्या आणा, मोडूया. तर म्हणते, त्या कामावर हायत, इतक्यात येणार न्हाईत."

त्या कामावर आहेत.

अक्का, तू मला का सांगितलं नाहीस? महिनोन्‌महिने खोकत होतीस. मी विचारलं तर म्हणायचीस, तंबाखूचा खोकला आहे, तंबाखू सोडला की तोही सोडेल. मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी खोली सोडली असती. पोतं डोक्यावर घेतलं असतं. धर्मशाळेचा कट्टा काय मला नवा होता? कदाचित नसतीही सोडली. शेवंताकडे बघून माझा पाय निघाला नसता असंही झालं असतं. पण ते माझं मी ठरवलं असतं ना? तू ठरवून टाकलंस. मला छप्पर हवं आणि तुला औषध नको, असं तूच दोघींच्या वतीने बोलून मोकळी झालीस. घरमालकाला तू सांगायचीस, माझ्या बाईला विचारल्याशिवाय तिच्या खोलीचं काही ठरवायचं नाही. आणि तू? मला विचारलंस? पद्माने त्या अंगणात जे बघितलं माझ्याकडे, ते मला आयुष्यभर पुरेल. आणि ती खोटं बोलत नव्हती. माझ्या डोक्यावरचं छप्पर तुझ्या औषधाचं होतं. हे मला मेलेल्या बाईच्या पायाशी बसून कळलं.

मला तुझे उपकार मानायचे आहेत. त्या खोलीत शेवंता मोठी झाली, मी दाराला आतून कडी लावून झोपले. कडी लावून झोपणं म्हणजे काय ते ज्याला घर आहे त्याला कळणार नाही. ते तू दिलंस. पण उपकार मानायला लागले की मध्येच राग येतो आणि सगळं विस्कटतं. आज तरी विस्कटू दे.

शोकसभा झाली आणि दुसऱ्या दिवशी तात्या माझ्या दारात.

"नरसम्मा गेली. तिची हमी गेली. आता नवी अनामत दे, न्हायतर खोली सोड."

मी कसंबसं विचारलं, "आणि पाटल्या?"

"त्या तिच्या न् माझ्यातल्या. तुझा काय संबंध?"

संध्याकाळी मल्लेश आला. बिचारा दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. तो तात्याकडे जाऊन आला होता. त्याला तात्याने सांगितलं होतं, भाडेकरीण खोलीत आहे तोवर अनामत सुटत नाही. मला सांगितलं, संबंध नाही. त्याला सांगितलं, ती आहे तोवर नाही. मल्लेश म्हणाला, "मावशी, पद्मा म्हणते तुमीच सोडत न्हाई खोली." मी म्हटलं, "सोडते. पद्माला सांग, सोडते. आणि चुना घेऊन ये म्हणावं."

ती येईल असं वाटलं नव्हतं. आली. हमीदा आली, बाकीच्या आल्या, आणि सगळ्यांच्या मागून पद्मा, तोंड फुगवून, हातात कुंचा. माझ्याशी बोलली नाही. पण मागची भिंत, जिथे चुलीचा धूर बसला होता, ती तिने एकटीने पांढरी केली. दोन हात दिले. खालपर्यंत. मी सारवलं. भांडी पोत्यात भरली. पोतं तेच, अक्का. उसवलं होतं तिथे तू शिवून दिलेलं.

तात्या आला. फिरून बघितलं. मग नाक वर केलं.

"वास येतोय."

नाक लाव म्हणणारी नव्हती. हमीदाने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. तो चप्पल वाजवत पुढच्या अंगाला, आपल्या घरात गेला. इतका राग मला त्याचाही आला नव्हता जितका त्या गप्प उभ्या राहिलेल्या खोलीचा आला. आणि तुझा आला. सगळं करून ठेवलंस आणि शेवटचं काम कुणाला शिकवलं नाहीस.

मी हात धुतले. पदर नीट केला. तात्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

बसल्यावर लक्षात आलं, माझा काही उपयोग नाही. माझ्या कपाळावर कुंकू. हातात बांगड्या. मला कोण भिणार? तात्यालाही ते कळलं. तो हसायला लागला.

"अग ए, तू काय नरसम्मा हायस? सवाष्ण बाई दिवेलागणीला दारात आली म्हणजे लक्ष्मीच आली म्हणायची. बस बस. रोज येऊन बस."

गल्लीत बाया उभ्या होत्या. त्यांच्यात पद्मा. उठून जावं असं शंभरदा मनात आलं. आत काकूंनी दिवा लावला, घंटी वाजली. आणि मग रीतीप्रमाणे काकू कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. सवाष्ण दारात, तिला कुंकू लावल्याशिवाय कसं पाठवायचं. त्यांनी बोट बुडवलं आणि वाकल्या.

मी कपाळावर तळहात ठेवला.

"काय झालं ग?"

"आधी पाटल्या, काकू. मग कुंकू."

माझाच आवाज होता. मला ओळखू आला नाही.

"असं करू नये," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "दिवा लागल्यावर सवाष्ण दारातनं कुंकू नाकारून जात नसते."

"जात न्हाय. हितंच बसते. पण कुंकू न्हाय घेणार."

तात्या आतून म्हणाला, "राहू दे ग, नको तर नको. तू आत ये."

काकू आत गेल्या नाहीत. त्यांचं कुंकवाचं बोट तसंच माझ्या कपाळापुढे थांबलं होतं. कुंकू खाली उंबऱ्यावर सांडत होतं.

"अहो, पेटी उघडा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतंय, की हे बोट माझं हाय आणि कुंकू तुमच्या नावाचं हाय. दारात आलेली बाई ते परतवतीय. माझं कुंकू ठेवायचं का पुसायचं, ते तुमी सांगा. पेटी उघडा म्हणते ना!"

पलंगाखालून पेटी ओढल्याचा आवाज आला. तात्याने बाहेर येऊन पाटल्या माझ्या हातात दिल्या नाहीत, उंबऱ्यावर टाकल्या. सांडलेल्या कुंकवात पडल्या. मी उचलल्या, पदराला पुसल्या आणि कपाळावरचा हात काढला. काकूंनी कुंकू लावलं. याच काकूंनी शेवंता तापाने फणफणली होती तेव्हा तिला ताक-भात भरवला होता. तात्याचं काही वाकडं झालं असेल असं मला वाटत नाही. घाबरल्या त्या. मी घाबरवलं त्यांना.

हमीदाच्या घरी माझ्यापुढे भाकरी आली आणि मला घास उतरेना. तेव्हा कळलं, अक्का, तू का जेवायची नाहीस. दगड टाकून दे म्हणणारी मी. मीही उचललाच की. तुझा काळा होता, माझा तांबडा, एवढाच फरक. तरीही मी म्हणते, तू चुकत होतीस. आणि आता मीही चुकते आहे. हे भांडण आता मला एकटीला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय, आणि याचाही राग येतो.

पण त्याआधीचं राहिलं. गल्लीच्या टोकाला पद्मा थांबली होती. मी काही न बोलता पाटल्या तिच्या हातावर ठेवल्या. तिच्याच होत्या त्या. तिने त्या हातात चढवल्या, उजेडाकडे धरून बघितल्या. रडली. मग नाक पुसलं आणि विचारलं, "आज कुठं झोपणार तुमी?"

"शेवंता न् मी हमीदाकडं. हे धर्मशाळेच्या कट्ट्यावर."

"आणि उद्या?"

तिने पाटल्या काढल्या. तुझ्यासारख्या चटकन नाही, एकेक करून, ओढून, आणि परत माझ्या हातावर ठेवल्या. "माझ्या पोरीच्या लग्नापर्यंत," ती म्हणाली. "त्याच्यापुढं एक दिवस न्हाय. आणि कुणी विचारलं तर पद्माच्या म्हणायचं. अत्तम्माचं नाव न्हाय घ्यायचं. तिनं नाव केलं, आमी औषधाला मोताद झालो."

मला तिच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. पण ती खोटं बोलत नव्हती. मी हो म्हटलं.

"आणि मी कुणाच्या दारात बसायची न्हाय हं. मला असलं जमत न्हाय. लाज वाटते."

"मी बसते," मी म्हटलं.

परवा मिलच्या मागच्या गल्लीत खोली बघितली. आढ्याला माळा आहे, भांड्यांना जागा आहे. घरमालक तरुण आहे, तेल लावून भांग पाडलेला. त्यानेही पाटली नखाने टोकरली. सगळ्यांची नखं सारखीच.

"कुणाच्या ह्या?"

"पद्माच्या," मी म्हटलं. जीभ भाजली. तुझं नाव गिळलं ते अजून छातीत आहे.

"आणि उद्या तुमी पळून गेलात तर?"

या सवालाला तुझं एक उत्तर ठरलेलं होतं. तोंडातनं आवाज निघत न्हाय तिच्या, पाय कुठनं निघतील. ते मला म्हणता येईना, कारण म्हणायला तोंड उघडलं की ते खोटं झालं असतं.

मी म्हटलं, "मी न्हाय पळायची. पण तुमी शब्दावरनं पळालात तर मी दारात येऊन बसीन."

तो हसला, आणि किल्ली दिली.